वायरचं दुसरं टोक

सून मला आवडत नव्हती असं नाही. तिचं काम लोकांना आवडत होतं, ते मला आवडत नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी जे केलं ते का केलं, असं कुणी विचारत बसायला नको.

मी चौथीपर्यंत शिकले, तेही कन्नड शाळेत. मराठी अक्षरं शिकले ती वडिलांच्या मापांच्या वहीतून. आमचं घराणं शिंप्यांचं, कितीतरी पिढ्या बेंगळुरातच. त्या वहीत छाती, कंबर, बाही, उंची एवढेच शब्द असायचे. लहानपणी मला वाटायचं, मराठीत लिहायचं ते एवढंच. बाकीचं नंतर शिकले.

लग्नानंतर नवऱ्यानं आणि मी चार मशीनांवर शाळेचे युनिफॉर्म शिवायला सुरुवात केली. आता बोम्मसंद्र्याला आमचं युनिट आहे. खाली कटिंगचा हॉल आणि शिलाईचा हॉल, वर पॅकिंग. नवरा गेला, मुलगा बघायला लागला. मी रोज जयनगरहून त्याच्याबरोबर गाडीत येते आणि रोज त्याच्याबरोबर परत जाते. माझं काम ठरलेलं. गळ्यात टेप, कमरेच्या पिशवीत निळा खडू, हातात लहान कात्री. संध्याकाळी तिन्ही हॉलमध्ये फिरायचं आणि कुठं सुटा धागा दिसला की कापायचा नाहीतर आत वळवून टाकायचा. आमच्याकडं लोंबतं काही ठेवायचं नाही, हा नियम वडिलांचा. लोंबता धागा म्हणजे शिवणारा कामावरून अर्धवट उठला, असं ते म्हणत. युनिटमध्ये कुणी कुणाला ओरडलं नाही इतकं मी धाग्यावरून ओरडले आहे.

आणि तिथं ‘अक्का’ म्हणजे मी. मशीन अडलं, कापड कमी पडलं, दोन बायका भांडल्या, हाक एकच, अक्का.

मग सून आली. ती निपाणीकडची, सासूला आत्या म्हणणारी. मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ, कन्नडही आमच्यापेक्षा स्वच्छ. तेही मला खुपायचं. लग्नाआधीपासून ती एका मोठ्या कंपनीत कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचं काम करत होती. आमच्याकडं शाळांच्या ऑर्डरी कॉम्प्युटरवर यायला लागल्या, तेव्हा मुलानंच तिला सांगितलं की नोकरी सोड आणि आपलं बघ. तिनं सोडली. सहा महिन्यांत प्रत्येक हॉलमध्ये कॉम्प्युटर, प्रत्येक गठ्ठ्याला उभ्या रेघांचं लेबल. लेबल छापल्याशिवाय गठ्ठा हलायचा नाही आणि लेबलाची माहिती यायची शिलाई हॉलच्या ऑफिसातल्या मोठ्या कॉम्प्युटरवरून.

एक दिवस कटिंग मास्तरांनी हॉलमधून हाक मारली, “अक्का, स्वल्प इकडं या.” मी वळले, चार पावलं गेले. मास्तर माझ्या मागं बघत होते. मागून सून येत होती, हातात लॅपटॉप. तिच्याच कॉम्प्युटरचं काही अडलं होतं.

मी तशीच पुढं जाऊन एका टेबलावरचा धागा कापला. टेबलावर धागा नव्हता.

त्या दिवसापासून मी तिचं कुठं चुकतं ते बघायला लागले.

फार बघावं लागलं नाही. दोनदा तिचं ते जाळं बंद पडलं. एकदा वीज आल्यागेल्यानं, एकदा पेटी जळली म्हणून. पेटी म्हणजे वहीएवढा लोखंडी डबा. तोंडावर चौकोनी भोकं, प्रत्येक भोकात एक वायर आणि भोकाच्या वर मुगाएवढा हिरवा दिवा. तिला ते लोक स्विच म्हणतात. प्रत्येक हॉलमध्ये एक. कटिंगच्या पेटीतून वायर शिलाईच्या पेटीत आणि शिलाईच्या पेटीतून वर पॅकिंगच्या पेटीत.

दुसऱ्यांदा बंद पडलं तेव्हा मुलगा जेवताना तिला म्हणाला, “आता आणखी एकदा बंद पडलं तर मी बाहेरच्या कंपनीला देऊन टाकतो. तू घर बघ. मला रोज धाकधूक नको.”

ती म्हणाली, “अहो, या पेट्या साध्या आहेत. मी सांगते तशा घेतल्या तर एक वायर गेली तरी दुसरीवरून काम चालतं.”

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, “चालतायत की या. नवीन कशाला?”

“सरी,” तो म्हणाला, म्हणजे ठीक आहे. विषय संपला.

तिनं नोकरी सोडली होती ती याच कामासाठी. हे काम गेलं तर ती दिवसभर जयनगरच्या घरात भाजी निवडणार, हे मला कळत होतं. कळत होतं म्हणूनच मी नको म्हटलं. दुसऱ्या दिवशी तिनं कटिंगच्या पेटीतून आणखी एक वायर काढली, भिंतीवरून वर नेली आणि पॅकिंगच्या पेटीशेजारी तिचं टोक लोंबत ठेवलं. उंदरांनी मधली वायर खाल्ली तर हे टोक आत खोचायचं, तोवर बाहेर. मास्तरांना तिनं हे सांगितलं, पॅकिंगच्या बायकांना सांगितलं. मला सांगितलं नाही. मी त्या दिवशी तिच्याशी बोलत नव्हते.

जूनच्या आधीचे दिवस आमच्याकडं सगळ्यांत वाईट. शाळा उघडायच्या आणि प्रत्येक शाळेला माल एकाच आठवड्यात हवा. अशा एका दुपारी येलहंक्याच्या एका शाळेचा ट्रक खाली येऊन उभा होता. पॅकिंगच्या बायका जेवायला बसल्या होत्या. माल निघायच्या आधी म्हणून मी दुपारीच वर गेले, नेहमीसारखी फिरले. दोन गठ्ठ्यांचे धागे कापले. पेटीपाशी मी एरवी फिरकत नसे, त्या दिवशी आले तर ती वायर लोंबत होती.

कात्री हातातच होती. क्षणभर वाटलं कापावी. मग मनात आलं, बघा, एवढी शिकलेली, कंपनीत होती म्हणे, आणि काम अर्धवट टाकून गेली. पेटीला एक भोक रिकामं होतं. टोक त्यात बसेल असंच होतं. मी ते आत ढकललं. टक् असा आवाज आला आणि भोकाच्या वरचा दिवा हिरवा झाला.

मला फार बरं वाटलं. खाली जाऊन मास्तरांना सांगणार होते की तुमच्या छोट्या अक्कांचं राहिलेलं काम मी पुरं करून आले.

जिना उतरेपर्यंत मागून लेबलाचं मशीन थांबल्याचा आवाज आला. खाली कटिंगच्या कॉम्प्युटरवर चित्र गोठलं होतं. ऑफिसात माझा मुलगा फोनवर बोलता बोलता थांबला. मी कटिंगच्या पेटीकडं बघितलं. एरवी तिचे दिवे आळीपाळीनं लुकलुकायचे, आता सगळे एकदम, न थांबता, वेड लागल्यासारखे. तेव्हा मला कळलं नाही असं म्हणणार नाही. काय झालं ते कळलं नाही. कुणामुळं झालं ते कळलं.

मी खुर्ची ओढून बसले.

सून धावत आली. तिनं पेट्या बंद करून चालू केल्या. मिनिटभर ठीक, परत तेच. ट्रकवाला दोनदा आत डोकावून गेला. मुलगा हॉलच्या मधोमध उभा राहून सगळ्यांसमोर म्हणाला, “तिसऱ्यांदा. मी सांगितलं होतं. उद्यापासून बाहेरची माणसं येतील.”

तिचे हात चालूच होते. पेटीतली एकेक वायर उपसायची, दिव्यांकडं बघायचं, परत घालायची. कटिंगच्या पेटीतली वर जाणारी वायर उपसली आणि दिवे शांत झाले. ती तशीच वर धावली. मुलगा मागं, मास्तर मागं, आणि मीही. का गेले कोण जाणे. गुडघे दुखतात, एरवी दिवसातून एकदाच तो जिना चढते.

पॅकिंगच्या पेटीतून तिनं ती वायर बाहेर काढली. शेजारचं लेबलाचं मशीन आम्ही वर येईपर्यंत परत सुरू झालं होतं.

“कुणी खोचली ही?” मुलगा म्हणाला.

पॅकिंगच्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. सुनेनं वायरचं टोक डोळ्यांजवळ नेलं. मीही बघत होते. टोकाच्या पारदर्शक प्लॅस्टिकवर निळा डाग होता, माझ्या बोटाएवढा. युनिटमध्ये निळा खडू एकटी मी वापरते. मास्तर पांढरा वापरतात.

तिनं ओढणीचं टोक घेतलं आणि तो डाग पुसून टाकला. मग नवऱ्याला म्हणाली, “लोंबत मी ठेवली होती. माझीच चूक. झाकण लावायला हवं होतं.”

मला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं. तिचं काम जाणार होतं, हॉलमध्ये परत एकच अक्का राहणार होती, आणि माझ्याकडं कुणी बोट दाखवणार नव्हतं. फक्त त्या सगळ्यांत मोठी कोण झाली? तीच. सासूला पाठीशी घातलं, माझं नाव न घेता. आता जन्मभर ती मला बघणार आणि मला कळणार की तिला माहीत आहे. काम येतं ते तिला, लोक हाक मारतात ते तिला, आणि आता हा मोठेपणाही तिनंच घ्यायचा? एवढं मला सोसवलं नाही.

“मी खोचली,” मी म्हटलं. “लोंबत होती म्हणून.”

मास्तर खाली बघायला लागले. मुलगा म्हणाला, “आई, तू?”

“मी. आणि चांगल्या पेट्या नको म्हणाले तीही मीच. तिनं मागितल्या होत्या. बाहेरची माणसं आणलीस तर त्यांच्याही पेट्यांत मी काहीतरी खोचेन. त्यापेक्षा हिनं सांगितल्या त्या आण.”

“तुम्ही कापली असती तर काही झालं नसतं,” सून म्हणाली. “तुमच्या हातात कात्री होती ना, आत्या? मग कापायचीत की.”

एक बाई हसली. मग सगळ्याच हसल्या. मी हसले नाही, पण ते तिनं बरोबर सांगितलं होतं.

ट्रक संध्याकाळी गेला. घरी येताना होसूर रोडवर गाड्या थांबल्या तेव्हा मी मागच्या सीटवर तिला विचारलं, “एक वायर जास्त घातली तर सगळं बंद का पडावं? जास्त वायर म्हणजे जास्त बरं नाही का?”

तिला वाटलं मी टोमणा मारते. मग तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं.

“आत्या, समजा तुम्ही कटिंगमधून हाक मारली, मास्तर कुठं आहेत? शिलाईतल्या बाईनं ऐकली, ती पॅकिंगकडं ओरडली, मास्तर कुठं आहेत? तिथं संपलं. पुढं कुणी नाही.”

“बरोबर.”

“आता पॅकिंगमधून कटिंगला दुसरा जिना काढला. पॅकिंगची बाई तीच हाक कटिंगमध्ये देते. कटिंगच्या बाईला वाटतं नवीन हाक आली, ती परत शिलाईत देते. आणि दुसऱ्या बाजूनंही तीच हाक उलटी फिरते. पेटीला एवढंच येतं, सगळ्यांसाठीची हाक आली की ज्या दारातून आली ते सोडून बाकी सगळ्या दारांतून पुढं द्यायची. ही हाक मघाचीच आहे, हे तिला कळत नाही. तेवढ्यात दुसरं कुणी हाक मारतं, ती पण फिरायला लागते. पाच मिनिटांत सगळ्या जणी नुसत्या ओरडतायत. काम कोण करणार?”

हे मला लगेच कळलं. आमच्याकडं पूर्वी असंच चालायचं, फोन नव्हते तेव्हा.

“मग तुझ्या चांगल्या पेट्या काय करतात? ओरडत नाहीत?”

“ओरडतात. पण आधी आपसात ठरवतात. प्रत्येक पेटी सुरू झाली की म्हणते, मी मुख्य. प्रत्येकीला एक नंबर असतो. जिचा नंबर सगळ्यांत लहान, ती मुख्य, बाकीच्या गप्प बसतात. मग प्रत्येक पेटी बघते, मुख्य पेटीकडं जायला जवळची वाट कुठली. ती वाट ठेवायची. त्यातून जी वाट जास्तीची उरते, तिचं एक दार बंद करायचं. म्हणजे फिरून परत यायला गोल रस्ताच उरत नाही.”

“मग ती वायर फुकटच की.”

“तोडत नाहीत, आत्या. बंद दार बोलत नाही, पण ऐकत असतं. मुख्य पेटी दर दोन सेकंदांनी सांगत असते, मी आहे. चालू वाटेवरून ते ऐकू यायचं थांबलं की बंद दार थोडा वेळ ऐकतं, कोण कुठं आहे ते ओळखून घेतं आणि उघडतं.”

पुढच्या सीटवरून मुलगा म्हणाला, “एवढं सगळं मला कधी सांगितलं नाहीस.”

“तुम्ही विचारलं कधी?”

हे ऐकून मला बरं वाटलं. मुलगा माझा असला तरी.

पेट्या आल्या. दोन नव्या आणि एक तिच्या जुन्या कंपनीतून काढून टाकलेली, वापरलेली. वापरलेली कटिंगमध्ये बसवली, नव्या दोन शिलाईत आणि पॅकिंगमध्ये. तिनं दिवसभर लॅपटॉप घेऊन काहीतरी केलं. मग मला वर बोलावलं. पॅकिंगच्या बायका, मास्तर, मुलगा, सगळे उभे. ती वायर लोंबत होती.

“आत्या, तुम्हीच खोचा.”

“बंद पडलं तर?”

“पडलं तर मी घरी बसते.”

तिनं हे हसून सांगितलं, पण ती गंमत करत नव्हती. मी खडूचे हात लुगड्याला पुसले आणि टोक आत ढकललं. टक्. दिवा लागला. हिरवा नाही, नारिंगी. बाकीचे सगळे हिरवे आणि हा एक नारिंगी. खाली कॉम्प्युटर चालू होता. लेबलाचं मशीन चालू होतं. मग तिनं शिलाईकडून येणारी वायर उपसली. मशीन थांबलं. मुलाचं तोंड बघण्यासारखं झालं. थोड्याच वेळात नारिंगी दिवा हिरवा झाला आणि मशीन परत चालायला लागलं. मास्तर म्हणाले, “सरी, अक्का.” कुणाला म्हणाले ते मी बघितलं नाही.

लोक गेल्यावर मी तिला विचारलं, “यातली मुख्य कुठली?”

“शिलाईतली. मोठा कॉम्प्युटर तिथं आहे म्हणून.”

“आपोआप झाली?”

“नाही. मी तिला लहान नंबर दिला. आपण काहीच सांगितलं नाही तर कारखान्यातून येताना मिळालेला नंबर बघतात. जुन्या पेटीचा बहुतेक वेळा लहान असतो. म्हणजे कटिंगमधली जुनी मुख्य झाली असती.”

“मग काय बिघडलं असतं?”

“ती हळू आहे. सगळं तिच्यावरून जायला लागलं की सगळंच हळू होतं. नुसती जुनी आहे म्हणून मुख्य करायची नसते.”

मी तिच्याकडं बघितलं. “हे मला सांगतेस का?”

“नाही आत्या. पेटीचं सांगते.” मग म्हणाली, “तिला दोन नंबरवर ठेवलीय. शिलाईतली गेली तर तीच मुख्य.”

मी म्हटलं, “बरं,” आणि धागे बघायला गेले. रात्री झोपताना मला त्या पेटीचंच वाईट वाटत होतं. हळू असेल, पण अजून चालते की.

काम तिच्याकडंच राहिलं. बाहेरची कंपनी आली नाही. लोक तिला अक्का म्हणतात आणि मलाही म्हणतात. हाक आली की आम्ही दोघी वळतो. बहुतेक वेळा काम तिच्याकडंच असतं. मला अजून वाईट वाटतं. वय झालं की हे जातं असं म्हणतात, माझं गेलेलं नाही.

पण संध्याकाळी कात्री घेऊन फिरते तेव्हा मी पॅकिंगच्या पेटीपाशी थांबते. सगळे हिरवे, एक नारिंगी. हे बघायला मला कुणी सांगितलेलं नाही. तिच्या लॅपटॉपवर म्हणे सगळं दिसतं, पण लॅपटॉप उघडला तर.

परवा ती निपाणीला माहेरी गेली होती. मी वर गेले. लेबलाचं मशीन चालू होतं, बायका गप्पा मारत गठ्ठे बांधत होत्या. कुणाचं काही अडलेलं नव्हतं. पेटीकडं बघितलं तर नारिंगी दिवा नव्हता. तो हिरवा झाला होता, आणि शेजारचा, शिलाईकडून येणाऱ्या वायरचा, विझला होता. जिन्याखाली जाऊन बघितलं. उंदरांनी वायर पार कुरतडून ठेवली होती. कुणाला पत्ता नाही.

मी मास्तरांच्या टेबलाशी उभी राहिले आणि सुनेला फोन लावला.

“तुझी शिलाईची वायर गेली,” मी म्हटलं.

“माल थांबला?”

“काही थांबलं नाही. इथं कुणाला कळलंही नाही. नारिंगी होता तो हिरवा झालाय, म्हणून मला कळलं.”

ती म्हणाली, “आत्या, मलासुद्धा कळलं नव्हतं. मी दोन दिवस बघितलंच नाही.”

“ते राहू दे. आता कुठली वायर बदलायची ते सांग,” मी म्हटलं. मास्तर दोन हातांवरच होते. त्यांना नीट ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हटलं.